मदत हवी आहे : पुणे ते नान्नज, एकटीच, गवताळ माळावरचे प्राणी बघायला

मंडळी, जानेवारीत आपली छोटी कार घेऊन एकटीच निघायचा विचार चाललाय, पण वाघ वगैरे अजिबात नको, ते ताडोबाला सगळेच जातात, मला आपल्या माळरानावरचे प्राणी बघायचेत. चिंकारा, काळवीट, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा.

ढोबळ प्लॅन असा की मोरगावला गणपतीचं दर्शन, मग सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य (जेमतेम ५ चौ. किमी, पण चिंकारा हमखास, फक्त वाळक्या गवतात उभा असला तर शेपटी हलेपर्यंत कळतच नाही), मुक्काम भिगवण, सकाळी कुंभारगावहून बोटीने रोहित (फ्लेमिंगो), मग नगरकडच्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठी आणि शेवटी सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य. माळढोक दिसेल अशी आशा मी धरलेलीच नाहीये, धाविक नि पखुर्डी हे माळावरचे पक्षी दिसले तरी पैसे वसूल.

आता विचारायचं ते हे, की कर्जत साइडला एकट्या बाईला बिनकटकट रूम देणारं कुणी आहे का, कारण मागे एका लॉजवाल्याने "मिस्टर कुठायत" विचारून ताटकळत ठेवलं होतं. दुसरं, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीची गवताळ सफारी एकटीला परवडते का, की कुणाबरोबर गाडी शेअर करता येते? आणि रेहेकुरीत स्वतःची कार आत सोडतात का? गाडीत बसून राहिलं की काळवीट बिनधास्त चरतं, खाली उतरलं की पळालंच, म्हणून विचारतेय.

"एकटी कशाला जातेस" हे सांगायला घरी आई आहे, तेवढं सोडून सगळं सांगा 😄