'लॉस अँड डॅमेज'ला मराठीत 'नुकसानभरपाई' म्हणायचं का?

उदगीरकर:
मंडळी एक शंका. स्पर्धा परीक्षेच्या एका नोट्समधी हवामान बदलानं ज्या गरीब देशांचं नुकसान होतं त्यांच्यासाठी हवामान परिषदेत ठरलेल्या 'लॉस अँड डॅमेज फंड'ला 'नुकसानभरपाई निधी' म्हणलंय, दुसऱ्या पुस्तकात 'हानी व क्षती निधी'. उत्तरात नेमकं काय लिहावं? 'क्षती' तर आमच्याकडं कुणी बोलत नाही.

मांजराकाठ:
'नुकसानभरपाई' तर अजिबात लिहू नका राव. दुसरा कुठलाबी शब्द एकवेळ चालवून घेऊ, पण ह्याच शब्दावर श्रीमंत देश तीस वर्षं अडून बसलेत. 1991 ला वानुआतू ह्या बेटांच्या देशानं छोट्या बेटांच्या वतीनं मांडलं होतं की समुद्र चढून आमच्या जमिनी जायल्यात तर विम्यासारखी काहीतरी सोय करा आन पैसे औद्योगिक देशांनी भरा, ते तिथंच बारगळलं. पुढं 2015 ला हवामानाच्या पॅरिस करारात लॉस अँड डॅमेजवर आठवं कलम आलं, पण सोबतच्या निर्णयात 51 वा परिच्छेद घालून घेतला की ह्या कलमातून कुणावर कसलं उत्तरदायित्व किंवा भरपाई निघत नाही. भरपाई म्हणलं की आधी 'चूक माझी' कबूल करावं लागतं ना, म्हणून. 2022 ला इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या परिषदेत फंड मान्य झाला, त्याच्याबी पूर्ण नावात नुकसान 'भरून देणं' नाही, नुकसानीला 'प्रतिसाद देणं' आहे. एकेक शब्द तोलून घेतलेला! 2023 ला दुबईत सुरू झाला तेव्हा सगळ्या देशांनी मिळून कबूल केलेली रक्कम 70 कोटी डॉलरच्या आसपास होती, आन 2022 च्या पुरात एकट्या पाकिस्तानचं नुकसान 3,000 कोटी डॉलरच्या वर काढलं होतं. लावा हिशोब.

कोरडवाहू:
हे तर आपल्याच तहसीलचं झालं की. 2025 च्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्याखाली गेलं तवापासून गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, 'अनुदान पडलं का'. कुणी म्हणत नाही भरपाई पडली का. आन जीआर काढून बघा, त्यात शब्द आहे 'निविष्ठा अनुदान'. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. म्हणजे सरकार म्हणतंय तुमचं पीक गेलं त्याची किंमत आम्ही देत नाही, पुढच्या पेरणीला हातभार लावायलोय, तवाच्या केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, ते पण नुकसान 33 टक्के किंवा वर असलं तरच, वरचं काय ते राज्यानं द्यायचं. 'भरपाई' शब्द राहिला फक्त पीकविम्यात, कारण तिथं हप्ता भरलेला असतो, हक्कानं भांडता येतं. आमच्या चुलत्याला हा फरक सांगितला तर म्हणले खात्यावर पडले की सगळे सारखेच.

केजची वाचक:
भरपाईचं पटलं पण लॉस आणि डॅमेज हे दोन वेगळे शब्द आहेत त्याचं काय? गंमत म्हणजे इंग्रजीतच एकवाक्यता नाही. पाकिस्तानच्या पुराचा जो हिशोब झाला त्यात डॅमेज म्हणजे घर, रस्ता, कालवा अशी मोडतोड आणि लॉस म्हणजे त्यामुळं बुडालेलं उत्पन्न. हवामानवाले मात्र साधारण असं सांगतात की लॉस म्हणजे जे परत येत नाही, डॅमेज म्हणजे जे दुरुस्त होतं. ह्या दुसऱ्या अर्थाला मराठी 'हानी' बरोबर बसते, आपण जीवितहानी म्हणतो, जीवितनुकसान म्हणत नाही. म्हणून माझं मत 'हानी आणि नुकसान'. तरी अडचण आहेच, आमच्याकडं नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या त्यांना काय म्हणायचं? 2025 च्या सरकारी पॅकेजात हेक्टरी 47,000 रोख आणि 3 लाखापर्यंत मनरेगातून माती टाकायला, म्हणजे कागदावर ते दुरुस्त होणारं नुकसान. पण ती काळी माती व्हायला किती पिढ्या जातात? मी तर हानीच म्हणीन.

जालनेकर:
विषय निघालाच आहे तर युरोपच्या कार्बन बॉर्डरवाल्या भानगडीला काय म्हणायचं तेबी सांगा. 1 जानेवारी 2026 पासून पक्कं लागू झालंय, स्टील, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे बाहेरून घेणाऱ्याला तो माल बनवताना निघालेल्या कार्बनइतके सर्टिफिकेट घ्यावे लागणार. इथली सळई बहुतेक देशातच खपते पण मोठ्या स्टीलवाल्यांना झळ आहे. पेपरवाले 'कार्बन कर' लिहितात, पुस्तकात 'सीमा समायोजन यंत्रणा'. आता समायोजन म्हणलं की आमच्याकडं अतिरिक्त शिक्षकांचं, दुसरं काही डोळ्यापुढं येतच नाही 😀

मांजराकाठ:
युरोप म्हणतंय हा कर नाहीच, आमचे कारखाने जो कार्बनचा खर्च भरतात तोच तुम्ही भरा. भारत म्हणतंय हा व्यापारातला अडथळा आहे. परीक्षेच्या पेपरात 'कार्बन सीमा समायोजन यंत्रणा' लिहा आन पुढच्या ओळीत 'विकसनशील देशांच्या दृष्टीनं कर' असं फोडून सांगा.
ह्याच्यापेक्षा मला खुपतो तो 1992 च्या रिओ परिषदेतल्या तत्त्वाचा तर्जुमा, 'समान परंतु विभेदित जबाबदाऱ्या'. समान कुठं आहे त्यात? समान म्हणजे इक्वल. तिथं कॉमन आहे, त्याला आपला सातबाऱ्यातला 'सामाईक' शब्द आयता पडलाय. सामाईक विहिरीत एकाचा बारा आणे हिस्सा असतो, दुसऱ्याचा चार आणे, तसं. 'सामाईक पण वेगवेगळ्या वाट्याची जबाबदारी' म्हणा, पोरांना शिकवताना निम्मं बोलणं वाचतं.

उदगीरकर:
सामाईक एकदम पटलं. 'हानी आणि नुकसान प्रतिसाद निधी' लिहितो मग. शेवटचं एक, बाकूच्या हवामान परिषदेत 2024 मधी विकसनशील देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचं ठरलं, त्याला 'मदत' लिहू का?

केजची वाचक:
नको. त्यात कर्जं पण धरलीत आणि खासगी पैसा पण. 'अर्थपुरवठा' लिहा.