बी विंगचा फराळ: एनओसी, वास आणि निळा सिलिंडर (सोसायटी ग्रुप, नोव्हेंबर २०२३)

ए-५०४ काका: सेक्रेटरीसाहेब, नमस्कार. बी विंगमध्ये पुन्हा तेच सुरू झालंय. सकाळपासून तळणीचा वास आणि डिलिव्हरीची मुलं लिफ्टचं दार उघडं टाकून जातात. उपविधींप्रमाणे फ्लॅट राहण्यासाठी आहे. कृपया दखल घ्यावी. 🙏

बी-२०३ वहिनी: काका, नंबर टाकूनच लिहा ना. ऑर्डरी मीच घेते. गेल्या दिवाळीत तुमच्याकडेही चकली माझीच होती.

ए-५०४ काका: प्रश्न चकलीचा नाही. उपविधींप्रमाणे फ्लॅट राहण्यासाठी आहे.

सी-१०१: भाजणीची होती ना ती? एक नंबर 😄

बी-३०३ काकू: तुम्हाला हसू येतंय. आमच्या बेडरूमची खिडकी डक्टकडे आहे, सासूबाईंना दमा. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला, पण चिमणी बसवा.

बी-२०३ वहिनी: काकू, चिमणी आहेच. पाइप डक्टमध्ये सोडलाय आणि डक्ट वरून पत्रा टाकून बंद केलाय. मे महिन्यात कमिटीला लेखी दिलंय. पोच आहे माझ्याकडे.

ए-२०१: लायसन्स वगैरे लागतं ना याला?

बी-२०३ वहिनी: वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर लायसन्स नाही, नोंदणी लागते. फॉसकॉसवर, म्हणजे एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) पोर्टलवर, ऑनलाइन होते, वर्षाला १०० रुपये. माझा १४ अंकी नंबर प्रत्येक पाकिटावर आहे. शिवाय घटक पदार्थ, बनवल्याची तारीख, हिरवा ठिपका. बघून घ्या.

ए-५०४ काका: सोसायटीची एनओसी कुठे आहे? उपविधींप्रमाणे...

सी-३०२ ताई: काका, वाचलं सगळ्यांनी. नोंदणी म्हणजे सोसायटीची परवानगी नव्हे, हे तुमचं बरोबर. पण नियम लावायचा तर सगळ्यांना लावा. तुमच्या मजल्यावर क्लास चालतो, संध्याकाळी जिन्यात चपलांचा ढीग असतो. त्याची एनओसी कोणी मागितली?

ए-५०३: मुलांच्या शिक्षणाला धंदा म्हणू नका. आणि सी विंगने आधी व्हिजिटर पार्किंगमधली गाडी काढावी.

सी-३०२ ताई: विषय काय, बोलताय काय!

ए-२०१: माझा मुद्दा आगीचा आहे. वहिनींकडे निळा सिलिंडर चढवताना पाहिला. १९ किलोचा. घरात?

बी-२०३ वहिनी: भाऊ, घरगुती १४.२ किलोचा धंद्याला वापरणं बेकायदा आहे, म्हणूनच निळा घेतला. पावती माझ्या नावाची. चोरून लाल वापरला असता तर तुम्हाला दिसलाही नसता. नियम पाळला की तोच गुन्हा?

ए-२०१: पाळला ते चांगलंच. तरी भीती वाटते.

बी-३०३ काकू: आणि ते वापरलेलं तेल? आमची खालची लाइन गेल्या वर्षी तुंबली होती.

बी-२०३ वहिनी: सिंकमध्ये थेंबही जात नाही, काकू. डब्यात साठवते, गोळा करणारा घेऊन जातो. तेच तेल परत परत तापवत नाही मी, माझी मुलंही तेच खातात.

सेक्रेटरी: सर्वांनी शांतता ठेवावी. रविवारी ११ वाजता क्लब हाउसला बैठक. डिलिव्हरी आजपासून गेटवरच, वॉचमनला सांगितलं आहे. डक्टचं पाहतो.

ए-५०४ काका: उपविधींची प्रत पुन्हा टाकतो आहे. फ्लॅट राहण्यासाठी आहे.

सी-१०१: वहिनी, अनारसे आहेत का?

बी-२०३ वहिनी: संपले. सेक्रेटरीसाहेब, ‘पाहतो’ हे मे महिन्यातही म्हणाला होतात. रविवारी तारीख हवी, ती मिनिट्समध्ये लिहून. आणि क्लासवाल्यांनाही बोलवा.