बोअरचं पिवळं पाणी: आधी हिराकस की थेट मोलॅसिस?

उद्यमनगरकर: क्रोम प्लेटिंगच्या शेडखाली टाकी झिरपली की शेजारचं बोअर पिवळं पडतं. पहिलं काम टाकी बंद करणं, त्यावर वाद नाही. पुढे जमिनीतच षटसंयुजी क्रोमियमचं (विषारी, पाण्याबरोबर वाहणारं रूप) त्रिसंयुजी (कमी विषारी, खाली बसणारं रूप) करायचं. माझं मत: आधी हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार), मग मोलॅसिस (साखर कारखान्याची मळी, जिवाणूंचं खाद्य). १ ग्रॅम क्रोमियमला हिशेबाने १६ ग्रॅम हिराकस. लिटरला १० मिलिग्रॅम असलेल्या ५०० घनमीटर पाण्यात ५ किलो क्रोमियम, म्हणजे ८० किलो. प्रत्यक्षात दुप्पट-अडीचपट धरा.

मळीवाला: हिराकस कशाला? त्यातलं लोह विरघळलेल्या प्राणवायूशी भिडून तांबडा गाळ होतं आणि बोअरची जाळी बुजवतं. मोलॅसिसचं २ टक्के द्रावण सोडा, जिवाणू आधी प्राणवायू संपवतील, मग क्रोमियमकडे वळतील. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात माल शोधावा लागत नाही.

उद्यमनगरकर: कडेच्या पाण्यात चालेल. टाकीखाली लिटरला ५०-१०० मिलिग्रॅम असेल तिथं जिवाणू तगायचेच अवघड. शिवाय हिराकसातलं सल्फेट वाया जात नाही. मोलॅसिस मिळालं की जिवाणू त्याचं सल्फाइड करतात, लोहाशी मिळून आयर्न सल्फाइड बसतं आणि मागून येणारं क्रोमियमही तेच पकडतं. एकट्या मोलॅसिसला ही शिल्लक कुठली?

काळा_पाषाण: दोघंही वाळूत काम करायचं असल्यासारखं बोलताय राव. इथं वर मुरूम, खाली भेगाळलेला बेसॉल्ट. औषध एका भेगेतून सुसाट निघून जातं, शेजारचा मुरूम कोरडाच. आधी मिठाचं पाणी सोडून आजूबाजूच्या बोअरची विद्युतवाहकता मोजा. पोचतच नसेल तर कसलं हिराकस न् कसलं मोलॅसिस! उपसून वर टाकीत प्रक्रिया करा. पावसाळ्यात पातळी चढली की मुरमात अडकलेलं क्रोमियम पुन्हा उतरतं, त्यामुळे मे महिन्यातल्या स्वच्छ रिपोर्टवर काम बंद करू नका.

मळीवाला: मीठ-चाचणी मान्य. पण नुसता उपसा वर्षानुवर्षं चालतो, वीजबिल कोण भरणार?

काळा_पाषाण: आणि मोलॅसिस जास्त झालं तर? आंबून सामू (pH) ५ च्या खाली जातो, म्हणजे पाणी आम्ल होतं, जिवाणू मंदावतात, खडकातलं मँगनीज विरघळतं. क्रोमियम गेलं नि मँगनीज आलं.

उद्यमनगरकर: म्हणून थोड्या-थोड्या मात्रेत, दर आठवड्याला सामू बघून. घसरला तर खायचा सोडा. नमुना ०.४५ मायक्रॉनमधून गाळून षटसंयुजी आणि एकूण क्रोमियम दोन्ही तपासा. पहिलं शून्य आणि दुसरं तसंच असेल तर त्रिसंयुजी क्रोमियम खाली बसलेलं नाही, सेंद्रिय द्रव्याला धरून पाण्याबरोबर वाहतंय. पिण्याच्या पाण्याची ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा एकूण क्रोमियमवर आहे.

काळा_पाषाण: तपासणी ठीक. पोचवायचं कसं, ते अजून कोणी सांगितलं नाही.