मदत हवी आहे : घरी मलिदा करायचाय, आईची पद्धत आठवत नाही

शालोम मंडळी. आमचं घराणं अलिबागकडचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आता राहतो इस्राएलमध्ये, लोदला.

मुलगा आजारी होता तेव्हा एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, नवस बोलले होते. तो बरा झाला. आता शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुटल्यावर नवस फेडायला घरीच मलिदा करायचाय. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, एवढं ठाऊक आहे. पण आई पोह्यांवर हात ठेवून काहीतरी पुटपुटायची, ते शब्द आता कोणाकडे विचारू? आई गेली. ती दारातून जाता-येता मेझुझाला (चौकटीवरची पवित्र वचनांची डबी) बोट लावून ओठांना टेकवायची, रात्री आम्हाला शेमा ही प्रार्थना म्हणायला लावायची. तेव्हा मला ती नुसती सवय वाटे. दवाखान्यात रात्रभर बसले तेव्हा तोंडातून शेमाच आला.

तुमच्याकडे फळं पाच ठेवतात का? प्रत्येक फळाची बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) वेगळी म्हणतात की एकच? घरात सामूहिक प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमणार नाहीत, तरी चालेल ना? आणि एलियाहू हन्नाबीचं मराठी गाणं कोणाच्या आजीच्या वहीत असेल, तर कृपया फोटो टाका. मुलाला मराठीतूनच शिकवायचंय.