शब्दचर्चा: विषमज्वर, लस, नागीण

प्रश्न: एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आहे. मायक्रोबायोलॉजीची उजळणी चालू आहे. 'विषमज्वर' म्हणजे टायफॉइड असं मी धरून चालले होते, पण बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) करणारी माझी बहीण ठामपणे सांगते की तो मलेरिया. कुणाचं बरोबर? शिवाय ओपीडीत पेशंट 'जखमेतून लस येते' म्हणतात, त्या 'लस'चा लसीकरणाशी काही संबंध आहे का?

उत्तर: दोघींचंही बरोबर. आजच्या मराठीत, आरोग्यखात्याच्या फलकांवरसुद्धा, विषमज्वर म्हणजे टायफॉइडच. मलेरियाला आपण हिवताप म्हणतो, कारण आधी हीव भरतं, हुडहुडी येते आणि मग ताप चढतो. आयुर्वेदातला विषमज्वर मात्र वेगळा. ज्याच्या वेळेला आणि जोराला सारखेपणा नाही, सोडून पुन्हा येतो, तो विषम. त्याचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार.

यातले शेवटचे दोन तुमच्या कामाचे आहेत. तृतीयक म्हणजे एक दिवसाआड येणारा. ताप आलेला दिवस पहिला धरायचा, की पुढचा ताप तिसऱ्या दिवशी येतो. व्हायवॅक्स या मलेरियाच्या परजीवीचं चक्र ४८ तासांचं, तेच हे. चतुर्थक म्हणजे दोन दिवस सोडून येणारा, मलेरी या दुसऱ्या परजीवीचं ७२ तासांचं चक्र. तांबड्या पेशी एकाच सुमाराला फुटतात आणि परजीवी रक्तात येतात, तेव्हा थंडी वाजते. 'तृतीयक असेल तर तीन दिवस म्हणजे ७२ तास' असं गणित करून पुष्कळ मुलं व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) अडकतात. पहिला दिवस धरून मोजा, म्हणजे घोळ होणार नाही. फाल्सिपेरम या तिसऱ्या परजीवीचा ताप मात्र असा नेमाने येईलच, असं नाही.

टायफॉइडसाठी मला स्वतःला 'मुदतीचा ताप' हा जुना शब्द जास्त आवडतो. हा ताप पायरीपायरीने चढतो आणि उपचार नसले तर आठवडे मुक्काम ठोकतो. तपासण्याही आठवड्यांनीच लक्षात ठेवायच्या: पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून पाहणं), दुसऱ्यात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज), तिसऱ्यात शौच, चौथ्यात लघवी. तिसऱ्या दिवशी केलेली विडाल, म्हणजे प्रतिपिंडांची तपासणी, निगेटिव्ह आली म्हणून टायफॉइड नाही, असं म्हणता येत नाही, ते याचमुळे. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो.

दुसरं उत्तर: 'लस'बद्दल लिहिते. जखमेतून किंवा फोडातून येणारा पातळ, चिकट स्राव म्हणजे लस. लसीकरणातली लस त्याच अर्थातून आली असावी, कारण सुरुवातीला ती खरोखर फोडातलीच असे. एडवर्ड जेनर या इंग्रज डॉक्टरने १७९६ मध्ये गाईच्या देवीच्या फोडातला द्रव वापरला. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतातलं हे पहिलं यशस्वी लसीकरण. तिच्या हातावर उठलेल्या फोडातली लस घेऊन पुढच्यांना टोचली गेली. दंडावरून दंडावर अशी ती पसरली. जुनी माणसं 'देवी काढल्या' म्हणतात, ते या टोचण्याबद्दल.

आजच्या परीक्षेसाठी एक भेद पक्का करा. पेशंट 'धनुर्वाताचं इंजेक्शन' म्हणतो, पण त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात. लस दिली की शरीर स्वतः प्रतिपिंडं बनवतं, त्याला दिवस लागतात, पण स्मृती राहते. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती लगेच काम करतात, काही आठवड्यांनी संपतात, मागे स्मृती राहत नाही. कुत्रा खोल चावला तर रेबीजसाठी अशी दोन्ही लागतात: इम्युनोग्लोब्युलिन जखमेत आणि भोवती, लस दुसरीकडे, दंडात.

प्रश्न: दोघांचेही आभार. नागिणीचं काय? 'तोंड-शेपूट जुळली की माणूस जातो' असं एक आजी काल घाबरून सांगत होत्या.

उत्तर: त्यांची भीती समजून घ्या, पण खरं काय ते नीट सांगा. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जारज्जूजवळच्या चेतागंडात (चेतापेशींच्या गाठीत) वर्षानुवर्षं दडून राहतो आणि पेशींमार्फत होणारी प्रतिकारशक्ती उतरली, की एका चेतेच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून फोडांचा पट्टा एकाच बाजूला उठतो. चेता डावी-उजवी वेगळी असल्यामुळे तो शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो आणि कंबरेभोवती वेढा सहसा पुरा होत नाही. क्वचित फोड दोन्ही बाजूंना उठले, तरी त्यानेच माणूस दगावतो असं नाही. मात्र असे फोड किंवा एकाहून अधिक पट्टे दिसले, तर प्रतिकारशक्ती खूपच खालावली आहे का हे पाहायला हवं आणि एचआयव्हीची तपासणी सुचवायला हवी. आजींना 'व्हॅरिसेला झाला होता का' असं न विचारता 'लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का' असं विचारा. आणि फोड उठून ७२ तास व्हायच्या आत आल्या असतील तर अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लगेच सुरू व्हायला हवं, हे तुमच्या सीनियरच्या कानावर घाला.