पॉववॉव आणि पुएब्लोंचे उत्सव : पाहुणे म्हणून जाताना काय पाळावे?

वाटसरू

नमस्कार मंडळी. आम्ही गेली सहा वर्षे फिनिक्सला राहतो. जुलैअखेरीस माझे आई-बाबा येत असून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांचा मुक्काम आहे. ग्रँड कॅन्यन तर होईलच, पण बाबांनी निघण्याआधीच सांगून ठेवले आहे की या देशाच्या मूळ रहिवाशांचा एखादा खरा उत्सव त्यांना पाहायचा आहे. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत, सोबत माझी नऊ वर्षांची लेक असेल, आणि बाबांच्या गळ्यात कॅमेरा नाही असा प्रवास मला आठवत नाही.

विचारण्याचे कारण असे, की गेल्या वर्षी आम्ही वाटेत पाटी दिसली म्हणून एका छोट्या पॉववॉवला, म्हणजे मूळ रहिवाशांच्या नृत्यमेळाव्याला, थांबलो होतो. आम्ही खात बसलो असताना अचानक सगळे उठून उभे राहिले, पुरुषांनी टोप्या काढल्या, आणि आम्ही मात्र बसूनच राहिलो. मागच्या रांगेतल्या एका आजींनी माझ्या खांद्याला हात लावून अगदी हळू आवाजात उभे राहायला सांगितले. त्या रागावल्या नव्हत्या, पण मला ते फार लागले. पुन्हा तशी चूक होऊ नये अशी इच्छा आहे. ऑगस्टमध्ये गाडीने जाता येईल असे कोणते उत्सव बाहेरच्यांसाठी खुले असतात, फोटो काढता येतात का, आणि लेकीला नाचात जावेसे वाटले तर तिला जाऊ द्यावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

माळरान

तुम्ही अनुभवलेला प्रसंग म्हणजे ‘ग्रँड एंट्री’. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला सगळे नर्तक रिंगणात प्रवेश करतात. सर्वांत पुढे गरुडाच्या पिसांनी सजवलेला दंड आणि ध्वज असतात, आणि ते धरण्याचा मान बहुधा माजी सैनिकांना दिला जातो. त्या वेळी, त्यानंतरच्या ध्वजगीताच्या वेळी आणि एखाद्याच्या सन्मानार्थ गाणे होते तेव्हा उभे राहायचे असते. निवेदक प्रत्येक गोष्ट ध्वनिक्षेपकावरून सांगत असतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याकडे कान ठेवला तर निम्मी काळजी मिटते.

मी मोंटानात बिलिंग्जला आठ वर्षे काढली आणि त्या काळात क्रो जमातीच्या ‘क्रो फेअर’ या मेळ्याला पाच वेळा गेलो. फिनिक्सहून तुम्हाला ते फार लांब पडेल, तरी पुढे कधी जमले तर अवश्य जा. १९०४ साली सरकारी अधिकाऱ्यांनी क्रो लोकांना शेतीकडे वळवण्यासाठी हे कृषिप्रदर्शन सुरू केले, पण क्रो लोकांनी त्याचे रूप इतके पालटले की आज त्याला टिपींची, म्हणजे त्यांच्या शंकूच्या आकाराच्या तंबूंची, राजधानी म्हणतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी हजाराहून अधिक टिपी उभ्या राहतात आणि सकाळी घोड्यांवरून मिरवणूक निघते. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या मणीकामाने मढलेल्या असतात, आणि घोड्यांच्या खोगिरांवरही तेच काम असते.

तुमच्या लेकीबद्दल सांगायचे तर, निवेदक ‘इंटरट्रायबल’ असे पुकारतो तेव्हा रिंगण सर्वांसाठी खुले होते आणि पाहुण्यांनीही यावे असाच त्याचा आग्रह असतो. बाकीच्या फेऱ्या स्पर्धेच्या किंवा मानाच्या असतात, त्यांत शिरायचे नसते. तिला जाऊ द्या, तुम्हीही जा. साधी पावले टाकत इतरांच्या बरोबर फिरले की पुरे, मात्र त्यांच्या नृत्याची नक्कल करायची नाही. कधी रिंगणात जमिनीवर एक ब्लँकेट पसरतात. ते एखाद्या अडचणीतल्या कुटुंबासाठी किंवा दुरून आलेल्या गायकांसाठी असते, आणि त्यावर कोणीही जाऊन पाच-दहा डॉलर ठेवू शकतो. म्हणून सुट्या नोटा जवळ असाव्यात.

आई-बाबांसाठी घडीच्या खुर्च्या न्या. रिंगणालगतच्या बाकांवर किंवा खुर्च्यांवर शाल अथवा ब्लँकेट टाकलेले दिसले तर ती जागा नर्तकांच्या घरच्यांची आहे असे समजावे. मद्य कुठल्याही पॉववॉवला चालत नाही. फोटोंचे म्हणाल तर निवेदक मनाई करेल ती गाणी सोडून बाबांना खुशाल फोटो काढू द्या.

चंद्रकोर

माळरान यांनी सांगितलेले पॉववॉवसाठी अगदी बरोबर आहे. परंतु फिनिक्सहून ऑगस्टमध्ये गाडीने निघालात तर तुम्ही बहुधा न्यू मेक्सिकोत याल, आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या ‘पुएब्लो’ म्हटल्या जाणाऱ्या गावांचे सण हा सर्वस्वी वेगळा प्रकार आहे. पॉववॉवमध्ये अनेक जमातींचे लोक एकत्र येतात, स्पर्धा होतात, तिकीट असू शकते. पुएब्लोचा सण हा त्या एकाच गावाचा असतो, तिथे तिकीट नसते, आणि नृत्य ही पावसासाठी, पिकासाठी, सर्वांच्या कल्याणासाठी केलेली प्रार्थना असते. म्हणून तिथे टाळ्या वाजवत नाहीत. मी अल्बुकर्कीत राहते आणि दर वर्षी किमान दोन सणांना जाते, तरी टाळीसाठी हात नकळत उचलले जाणे थांबायला मला दोन-तीन वर्षे लागली.

न्यू मेक्सिकोत अशी १९ पुएब्लो आहेत. स्पॅनिश पाद्र्यांनी प्रत्येक गावाला एकेक संत नेमून दिला आणि त्या संताच्या दिवशी गावाचा सण होतो, त्यामुळे वार कोणताही असो, तारीख ठरलेली असते. सांतो दोमिंगोचा, म्हणजे केवा गावाचा सण ४ ऑगस्टला, सांता क्लाराचा १२ ऑगस्टला, आकोमाचा २ सप्टेंबरला आणि ताओसचा ३० सप्टेंबरला असतो. तुमच्या मुक्कामात बसणाऱ्यांपैकी मी केवाचे नाव आधी घेईन. अल्बुकर्की आणि सांता फे यांच्या मधोमध, महामार्गापासून जवळच ते गाव आहे.

सकाळी चर्चमध्ये प्रार्थना झाली की संताची मूर्ती वाजतगाजत चौकात आणून हिरव्या फांद्यांच्या मांडवात बसवतात, आणि दिवसभराचे मक्याचे नृत्य तिच्यासमोर चालते. गावाचे दोन गट आहेत, एक पिरोजा खड्याचा (टर्क्वॉइज) आणि एक भोपळ्याचा, आणि ते आळीपाळीने चौकात उतरतात. प्रत्येक गटात शेकडो माणसे असतात. स्त्रिया अनवाणी, डोक्यावर उभी रंगवलेली फळी, हातात सदाहरित झाडाची डहाळी. पुरुषांच्या हातात खुळखुळा आणि कमरेला मागे लोंबणारे कोल्ह्याचे कातडे. पहिल्या वर्षी मला सर्वांत आधी जाणवला तो आवाज. एवढी माणसे एकाच वेळी पाऊल टाकतात तेव्हा तापलेल्या मातीचा जो धप्प असा नाद येतो, तो मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला पाठीतून कळतो. रांगेच्या शेवटी चार-पाच वर्षांची मुले असतात. एक छोटा मुलगा उन्हाने लाल झाला होता, त्याच्या डोक्यावरची फांदी कलली होती, पण गाणे संपेपर्यंत त्याने हात वर नेऊन ती सरळ केली नाही.

आता तुमच्या बाबांना आधीच सांगून ठेवायची गोष्ट. सणाच्या दिवशी कॅमेरा गाडीतच ठेवायचा. फोटो, चित्रफीत, ध्वनिमुद्रण, इतकेच काय पण वहीत रेखाटन करणेही मना असते, आणि नियम मोडल्यास गावचे अधिकारी उपकरण काढून घेऊ शकतात. एका गावात माझ्या पतींनी केवळ वेळ पाहण्यासाठी खिशातून मोबाइल काढला, तर लगेच एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. ते बोलले सभ्यपणेच, पण आजूबाजूचे सगळे आमच्याकडे पाहू लागले. तेव्हापासून आम्ही दोघेही फोन गाडीत ठेवून मनगटी घड्याळ लावून जातो.

किवा, म्हणजे त्यांची प्रार्थनागृहे, यांच्या शिड्यांजवळ किंवा स्मशानाजवळ जायचे नाही. नर्तकांच्या मधून चौक ओलांडायचा नाही. ‘या नृत्याचा अर्थ काय?’ असे विचारायचे नाही, कारण त्यातले बरेचसे ज्ञान गावाबाहेर सांगण्यासाठी नसते आणि नकार देण्याची वेळ आपण यजमानांवर आणणे बरे नव्हे. अंगाला राखाडी रंग फासलेले आणि केसांत मक्याची सुकी पाने खोवलेले कोशारे, म्हणजे विधीतले विदूषक, गर्दीतून फिरतात. त्यांचे वागणे कधी कधी गमतीचे वाटले तरी ते धार्मिक काम करत असतात, हे लेकीला आधी समजावून ठेवा.

घरात कोणी जेवायला बोलावले तर जरूर जा, मात्र बोलावल्याशिवाय कोणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकू नका. टेबलावर लाल किंवा हिरव्या मिरचीचा रस्सा, पोसोले (मक्याच्या दाण्यांचा रस्सा) आणि अंगणातल्या मातीच्या भट्टीत भाजलेला पाव असतो. दिवसभर पंगतीमागून पंगत उठत असते, म्हणून पोटभर जेवावे, मनापासून आभार मानावेत आणि गप्पा मारत न बसता पुढच्यासाठी जागा मोकळी करावी. पैसे देऊ करू नयेत. मी जाताना कलिंगड किंवा टोपलीभर फळे घेऊन जाते, आणि ती आजवर प्रत्येक घरात आनंदाने स्वीकारली गेली आहेत.

आई-बाबांची प्रकृती लक्षात घेता एक गोष्ट आवर्जून सांगते. चौकात सावली जवळजवळ नसते, गाव समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच आहे आणि ऑगस्टमध्ये दुपारनंतर वादळी पावसाची सर येऊ शकते. टोपी, पाणी आणि खुर्ची हवीच. सकाळी लवकर पोहोचून दुपारी निघालात तरी पुष्कळ पाहून होईल.

शब्दवेध

वरच्या दोन्ही उत्तरांत थोडी भर घालतो आणि एका मुद्द्यावर माळरान यांच्याशी असहमती नोंदवतो. पॉववॉवमध्ये रिंगणाचे दुरून फोटो काढणे वेगळे आणि एका व्यक्तीचा जवळून फोटो काढणे वेगळे. दुसऱ्या वेळी आधी विचारलेच पाहिजे, आणि लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या आई-वडिलांना विचारले पाहिजे. ‘खुशाल’ हा शब्द मला म्हणून खटकला. नर्तकाच्या अंगावरून गरुडाचे पीस खाली पडले तर त्याला हात लावू नये आणि त्या क्षणी कॅमेरा खाली ठेवावा. ते पीस उचलण्याचा विधी असतो आणि तो होईपर्यंत नृत्य थांबते.

फोटोंबाबत हे लोक इतके जपून का वागतात, याला इतिहास आहे. १८८३ साली अमेरिकी सरकारने आरक्षित प्रदेशांसाठी नियम केले आणि त्यांत पारंपरिक नृत्ये व विधी गुन्हे ठरवले. नाचणाऱ्याचे रेशन बंद करता येई, त्याला तुरुंगात टाकता येई. कॅनडात पॉटलॅच या सोहळ्यावरची बंदी १८८५ पासून १९५१ पर्यंत टिकली. अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या धर्मस्वातंत्र्याला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा १९७८ साली झाला. म्हणजे तुम्हाला उभे राहायला सांगणाऱ्या त्या आजींच्या आई-वडिलांचे बालपण कदाचित अशा काळात गेले असेल, जेव्हा हेच नृत्य लपून करावे लागत होते. त्याच काळात बाहेरचे लोक याच विधींची छायाचित्रे काढून पैसे कमावत होते.

शब्दांबद्दलही बोलतो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ‘रेड इंडियन’ हा शब्द तिथे मुळीच उच्चारू नये. शक्यतो जमातीचे नाव घ्यावे; नवाहो स्वतःला दिने म्हणवतात. नर्तकांच्या पेहरावाला ‘कॉस्च्यूम’ म्हणू नये, ‘रेगालिया’ हा शब्द तिथे रूढ आहे. त्यातला एकेक भाग आजीने ओवलेला किंवा काकांनी दिलेला असतो, म्हणून त्याला न विचारता हात लावणे फार अनुचित मानतात. जिंगल ड्रेसचेच पाहा. स्कर्टवर ओळीने शिवलेल्या पत्र्याच्या शंकूंमुळे तो पावलागणिक छुनछुन वाजतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीच्या सुमारास ओजिब्वे लोकांमध्ये एका आजारी मुलीसाठी हा पोशाख प्रथम शिवला गेला असे सांगतात, आणि ते शंकू तंबाखूच्या डब्यांच्या झाकणांपासून वळलेले असत. आजही कोणी आजारी असेल तर जिंगल नर्तकींना मुद्दाम नाचायची विनंती करतात. तुमच्या लेकीला ही गोष्ट आधी सांगा, म्हणजे तो आवाज तिला ओळखू येईल.

खरेदी करणार असाल तर वस्तू कोणी घडवली आणि तो कारागीर कोणत्या जमातीचा आहे, हे विचारावे. अस्सल कारागीर ते आनंदाने सांगतात. मूळ रहिवाशांनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे १९९० च्या कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी २,५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गरुडाचे पीस मात्र कोणी भेट दिले तरी घेऊ नका, कारण ते बाळगणे तुमच्यासाठी बेकायदा आहे.

वाटसरू

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांना रात्री फोनवर सगळे वाचून दाखवले. कॅमेरा गाडीत ठेवायचा हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग डोळे भरून पाहता येईल.” केवाचा ४ ऑगस्टचा सण नक्की केला आहे. परंतु आईचे म्हणणे असे, की एक तरी ठिकाण असे असावे जिथे बाबांना फोटो काढता येतील. येता-जाता तसे काही जमेल का?

चंद्रकोर

न्यू मेक्सिकोतल्या गॅलप शहराचा ‘सेरेमोनियल’ पाहा. १९२२ पासून ऑगस्टमध्ये भरणारा हा सोहळा मुळातच बाहेरून येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून सुरू झाला. अनेक जमातींची नृत्ये, रोडिओ आणि हस्तकला तिथे लाल खडकांच्या पायथ्याशी पाहायला मिळतात. त्या वर्षाच्या तारखा आणि छायाचित्रणाचे नियम आयोजकांच्या संकेतस्थळावर पाहून जा. केवाची तारीख जुळली नाही तर दोन फेऱ्या कराव्या लागतील, पण फिनिक्सहून गॅलप सुमारे पाच तासांवर आहे, त्यामुळे ते जड जाऊ नये.

घड्याळाचे तेवढे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, न्यू मेक्सिको करते. नवाहो नेशनचा ॲरिझोनातला भागही घड्याळ पुढे करतो, आणि त्याने वेढलेला होपी लोकांचा प्रदेश मात्र करत नाही. सकाळच्या प्रार्थनेला पोहोचायचे असेल तर एक तास हातचा धरून निघा, किंवा आदल्या रात्री अल्बुकर्कीला मुक्काम करा. कलिंगड इथेच ताजे मिळेल.