मंगळावरचं विवर नवी मुंबईच्या नकाशावर कसं बसवावं? जागा सुचवा

सानिका_सीवूड्स

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी आठ ते तेरा वर्षांच्या मुलांचा विज्ञानगट भरतो. सध्या मंगळ सुरू आहे. नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ज्या जेझेरो विवरात उतरली, ते मुलांना दाखवलं. अब्जावधी वर्षांपूर्वी त्यात तळं होतं, एक नदी येऊन मिळायची, तिने आणलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश अजून दिसतो, इथपर्यंत मुलं रंगून गेली होती. मग मी व्यास सांगितला, सुमारे ४५ किलोमीटर, आणि सगळी गप्प झाली. आकडा वहीत उतरला, डोळ्यांपुढे काहीच आलं नाही. वरून काढलेल्या फोटोत विवर वाटीएवढं दिसतं, त्यामुळे एकीने विचारलं की ते आपल्या नेरूळच्या स्टेडियमपेक्षा मोठं आहे का.

मला तो प्रश्न फार आवडला, आणि उत्तरही तसंच, ओळखीच्या जागांमधून द्यायचं आहे. या मुलांचं जग म्हणजे सीवूड्स, पाम बीच रोड, वाशी, कुणाची आजी ठाण्याला, कुणाचा मामा दादरला. विवराची कड यातल्या कुठून जाईल? जेझेरोच घ्यावं की आधी लहान विवरं? नकाशावर गोल काढण्यापलीकडे काही करता येईल का? नुसतं मोबाइलच्या पडद्यावर दाखवून भागवायचं नाही, एवढी एकच अट.

नकाशावेडा

सानिकाताई, पहिली गोष्ट, अंतरं लोकलच्या हिशोबाने घेऊ नका. आपल्याकडे कुणालाही अंतर विचारलं की तो रेल्वेचं सांगतो. सीएसएमटी ते पनवेल रुळावरून ४९ किलोमीटर, म्हणजे जेझेरोला अगदी जुळतं असं वाटतं. पण हार्बरचा मार्ग वळत वळत जातो. सरळ रेषेत हेच अंतर तीस किलोमीटरच्या आसपास भरतं. विवराचा व्यास म्हणजे हवाई अंतर, तेव्हा तुलनाही हवाई अंतरानेच करावी, नाहीतर विवर एक तृतीयांशाने आकसेल.

गूगल अर्थ प्रो संगणकावर फुकट मिळतं. त्यातल्या मोजपट्टीत वर्तुळाचा पर्याय आहे. सीवूड्स स्टेशन मध्यबिंदू धरा आणि त्रिज्या साडेबावीस किलोमीटर घ्या. मी आत्ताच करून पाहिलं. उत्तरेला कड ठाण्यात माजिवडा-कापूरबावडीवरून जाते, म्हणजे ठाणे स्टेशन आणि मासुंदा तलाव विवराच्या आत. ईशान्येला डोंबिवलीला टेकते, कल्याण बाहेर राहतं. पूर्वेला प्रबळगड. पश्चिमेला जोगेश्वरीच्या आसपास, त्यामुळे दादरचा मामाही आतच राहतो. सीएसएमटी आत, कुलाब्याचं टोक बाहेर. दक्षिणेला उरण आत, पेण बाहेर. अर्धा-एक किलोमीटर इकडेतिकडे धरून चाला, कारण विवरही काही कंपासने काढलेलं नाही.

वाशी, ऐरोली, बेलापूर, खारघर, पनवेल, नवा विमानतळ, ठाण्याची अख्खी खाडी, शिवाय मुंबईचा बराच भाग, सगळं एका जेझेरोत मावतं. गाडी उतरली ती मध्याच्या पश्चिमेला. तिथून ती पश्चिमेकडच्या कडेच्या दिशेने गेली. हा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक मुलाला त्याच्या ओळखीची जागा शोधून टाचणी लावू द्या.

आणखी एक. जेझेरो मंगळाच्या १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि आपण पृथ्वीच्या १९ वर. पृथ्वीगोल शेजारी ठेवून हे जरूर सांगा.

मुग्धा_ठाणे

कापूरबावडी कडेवर! रोज तिथूनच जाते.

माझं मत मात्र वेगळं आहे. थेट ४५ किलोमीटरवर उडी नको, आठ वर्षांच्या मुलाला ते पेलत नाही. नासाच्या आधीच्या ऑपर्च्युनिटी गाडीने मंगळावर पाहिलेली विवरं चढत्या क्रमाने घ्या, ती जणू याच कामासाठी मांडून ठेवली आहेत.

जानेवारी २००४ मध्ये ती हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेली उड्या मारत घरंगळली आणि नेमकी एका विवरात जाऊन थांबली. ते ईगल, व्यास २२ मीटर, खोली तीनेक मीटर. लोकलचा एक डबा वीस-एकवीस मीटरचा असतो, म्हणजे ईगलमध्ये एक डबा आडवा मावेल. क्रिकेटची खेळपट्टी याहून थोडी आखूड असते. मुलांना हे लगेच कळतं, कारण ती खेळपट्टीवर धावलेली असतात.

त्यानंतर एंड्युरन्स, सुमारे १३० मीटर. तुमच्या त्या मुलीचं स्टेडियम इथे बसतं, कारण क्रिकेटचं मैदान साधारण एवढंच असतं. मग व्हिक्टोरिया, साधारण पाऊण किलोमीटर. बारा डब्यांच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या करा. त्या एका विवरापाशी ऑपर्च्युनिटी २००६ ते २००८ अशी जवळपास दोन वर्षं रमली होती. आणि मग २०११ मध्ये तिने गाठलेलं एंडेव्हर, २२ किलोमीटर. यासाठी माझ्याकडे फार नेमकी जागा आहे, अटल सेतू. त्याची एकूण लांबी २१.८ किलोमीटर. शिवडीहून गाडीत बसल्यापासून चिर्ल्याला उतरेपर्यंत मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगा. जेवढं मागे गेलं तेवढी एंडेव्हरची रुंदी. जेझेरो त्याच्या दुप्पट.

हे सगळं झाल्यावर ऑपर्च्युनिटीचा शेवटचा आकडा सांगा. २००४ ते २०१८ या काळात तिचा एकूण प्रवास ४५.१६ किलोमीटर झाला. चौदा वर्षं चालून एका जेझेरोची रुंदी. वर नकाशावेडा यांनी काढलेल्या वर्तुळात प्रबळगडावरून निघायचं आणि चौदा वर्षांनी जोगेश्वरीला पोचायचं. मला स्वतःला ४५ किलोमीटर खरे कळले ते या हिशोबाने.

ऐरोलीची_शिक्षिका

वाचनखूण साठवली. आमच्या सातवीच्या वर्गाला क्युरिऑसिटीची गाडी जास्त ओळखीची आहे. ती आहे ते गेल विवर कसं दाखवावं?

नकाशावेडा

गेलचा व्यास १५४ किलोमीटर, ठाणे-नवी मुंबईत तो मावायचा नाही. एक कड सीवूड्सला ठेवली तर दुसरी थेट नाशिकच्या पुढे जाते. मधोमध, आपल्या हिशोबाने खर्डीच्या आसपास, साडेपाच किलोमीटर उंचीचा माउंट शार्प उभा. कळसूबाई १६४६ मीटर. मुलं नाशिकला गेलेली असली की यावर आणखी बोलावं लागत नाही.

प्रबळवाट

धागा फार आवडला. सानिकाताई, नकाशावर गोल काढण्यापलीकडे काय, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आत्तापर्यंत सगळ्यांनी विवर वरून दाखवलं. गाडी मात्र आत उभी आहे. आतून ते कसं दिसत असेल, हे मुलांना तुमच्या गच्चीवरून दाखवता येतं.

सीवूड्सच्या उंच इमारतीवरून पूर्वेकडे पाहिलं की पनवेलच्या मागे डोंगररांग दिसते. त्यातला सपाट माथ्याचा प्रबळगड ओळखा. शेजारी कलावंतीणीचा सुळका आहे, त्यामुळे चुकायला होत नाही. प्रबळगड समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि तुमच्यापासून बावीसेक किलोमीटरवर. जेझेरोच्या मधोमध उभं राहिलं तर कडही तेवढ्याच अंतरावर असते आणि तिची उंची तळापासून पाच-सहाशे मीटर, कुठे कमी, कुठे जास्त. म्हणजे प्रबळगड जरा बुटका करा आणि तसाच चारही दिशांना फिरवून आणा. जोगेश्वरीच्या बाजूला तोच, ठाण्याच्या बाजूला तोच, उरणच्या मागेही तोच.

आता मुलांना हात पूर्ण लांब करून करंगळी आडवी धरायला सांगा. प्रबळगड करंगळीच्या जाडीपेक्षा थोडाच वर येतो. जेझेरोची कड जेमतेम करंगळीएवढी दिसेल. ४५ किलोमीटरच्या विवरात उभ्या असलेल्या माणसाला आपण खड्ड्यात आहोत असं वाटणारच नाही. त्याला वाटेल, आपण मोठ्या माळावर आहोत आणि लांब सगळीकडे टेकड्या आहेत. फोटोतल्या गडद सावल्यांमुळे आपण विवर म्हणजे खोल विहीर समजतो. ही समजूत मोडली की मुलांना पुढचं सगळं सोपं जाईल.

मंगळ आपल्यापेक्षा लहान, त्रिज्या ३३९० किलोमीटर, म्हणून तिथे जमिनीची गोलाई लवकर आडवी येते. गाडीचा मुख्य कॅमेरा जमिनीपासून साधारण दोन मीटरवर आहे. सपाट जमिनीवर त्याला क्षितिज ३.७ किलोमीटरवर लागतं. आपल्या नव्या विमानतळाची धावपट्टी नेमकी ३.७ किलोमीटरची आहे. त्यापलीकडचा तळ दिसत नाही, आणि मध्यावरून पाहिलं तर लांबच्या कडेचाही खालचा पन्नासेक मीटर भाग लपतो. पृथ्वीवर तेवढ्याच उंचीवरून क्षितिज पाच किलोमीटरवर असतं.

पर्सिव्हिअरन्स डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिमेच्या कडेवर पोचली. साडेतीन महिन्यांत तिने ५०० मीटरची चढण पार केली. ज्यांनी नेरळहून माथेरान चढलंय त्यांना सांगा, त्या चढाच्या अर्ध्याहून थोडं जास्त.

गच्चीचा कार्यक्रम पाऊस पडून गेल्यावर ठेवा, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हवा धुतलेली असताना. हिवाळ्यात धुरक्यामुळे प्रबळ कित्येक दिवस गायब असतो. तसं झालं तर तेही वापरा. जून २०१८ च्या धुळीच्या वादळात क्युरिऑसिटीला गेलची कड दिसेनाशी झाली होती आणि त्याच वादळात ऑपर्च्युनिटीशी संपर्क कायमचा तुटला.

सानिका_सीवूड्स

प्रबळवाट, आमच्या गच्चीवरून प्रबळगड दिसतो आणि मी त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. मुग्धाताईंचा चढता क्रम पहिल्या रविवारी, नकाशा आणि टाचण्या दुसऱ्या, गच्ची तिसऱ्या.

एकच अडचण राहिली. उंची आणि रुंदीचं हे प्रमाण मुलांना स्वतःच्या हातांनी करता आलं तर हवं आहे. आमच्याकडे पन्नासेक मीटरचं मोकळं मैदान आहे.

कोपरखैरणेचे_काका

पन्नास मीटर म्हणजे उत्तम. एक मीटरला एक किलोमीटर धरा. मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोका, साडेबावीस मीटर सुतळी बांधा आणि फिरवा. जेझेरो तयार. याच प्रमाणात कडेची उंची फक्त पन्नास ते साठ सेंटिमीटर, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीच्या बैठकीपेक्षा थोडी वर. वर्तुळावर थोड्या थोड्या अंतराने खुर्च्या मांडल्या तरी चालेल.

आत बाकीची विवरं मांडा. एंडेव्हर २२ मीटर, त्याच खुंटीभोवती अकरा मीटरची दोरी. व्हिक्टोरिया पाऊण मीटर, एक हुला हूप. ईगल दोन सेंटिमीटर, तिथे नाणं ठेवा. गाडी तीन मीटर लांब, म्हणजे इथे तीन मिलिमीटर. साबुदाण्याचा दाणा बरोबर बसतो. तो दाणा जवळपास चार वर्षांत पश्चिमेच्या खुर्च्यांपर्यंत गेला, हे मुलांनी गुडघे टेकून पाहावं.

महत्त्वाचं म्हणजे मुलांना मध्यावर उभं करू नका. उभ्या मुलाचे डोळे या प्रमाणात हजार मीटरच्या वर येतात, म्हणजे ते मूल विमानातून पाहतं. खुंटीपाशी पालथं झोपवून हनुवटी जमिनीला टेकवायला लावा. मग खुर्च्या करंगळीएवढ्याच दिसतील, प्रबळवाट म्हणतात तशा.

शेवटी एक मीटर ऐंशी सेंटिमीटरचं आणखी एक वर्तुळ काढा. ते आपलं बुलढाण्याचं लोणार, १.८ किलोमीटर. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात झालेलं. मंगळावरही हाच खडक, म्हणूनच मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. प्रबळगडाचा खडकही बेसॉल्टच. मंगळावरच्या एका विवराला लोणारचं नाव दिलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत कुणी विदर्भात जाणार असेल तर त्याला काठावर उभं राहून यायला सांगा. आकाराने मंगळावरच्या लहान विवराची कल्पना येण्यासाठी ती महाराष्ट्रातली सगळ्यात चांगली जागा आहे.

सानिका_सीवूड्स

काका, साबुदाणा पक्का. कडेसाठी रांगोळी किती लागेल? परीघ बराच मोठा होईल ना?

कोपरखैरणेचे_काका

परीघ १४१ मीटर होतो, सलग रेघ ओढू नका. दर दोन मीटरवर चुन्याचा एक ठिपका द्या, सत्तर ठिपक्यांत काम होतं. खुर्च्या पूर्वेला आणि पश्चिमेला दहा-दहा पुरे. सकाळी आठच्या आत करा, नंतर जमिनीवर झोपवणार नाही इतकी ती तापते.